मुंबई ते न्यूयॉर्क : किलोमीटर किती, तास किती?

आमच्या नगरातील अभ्यासिकेच्या भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा लावलेला आहे. स्पर्धा परीक्षेची मुले त्याच्याकडे पाहून देश आणि राजधान्या पाठ करतात. मागे एका संध्याकाळी एक वृद्ध बाई काठी टेकत तिथे आल्या. त्यांच्या नातीला न्यूयॉर्कच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. घरात पेढे वाटून झाले होते, पण आजीच्या मनात एक प्रश्न राहून गेला होता. त्यांनी नकाशासमोर उभे राहून मला विचारले, "गुरुजी, माही नात जाते ते गाव किती दूर हाय जी?"

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. उत्तर तोंडपाठ होते. म्हणालो, "आजी, मुंबईपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर."

आजींनी मान हलवली, पण चेहऱ्यावरून कळले की त्यांना काही उत्तर मिळालेले नाही. साडेबारा हजार हा आकडा त्यांच्या काय, माझ्याही मनात मावत नव्हता. त्यांना विचारायचे होते ते वेगळेच होते. उद्या माझे काही बरेवाईट झाले तर पोरगी किती वेळात घरी पोहोचेल? त्यांच्या प्रश्नाचा खरा अर्थ हा होता.

वाचकहो, आज आपल्या वस्त्यांतील मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरदेशी जात आहेत. ज्या घरातून आजवर कुणी विमानात पाय ठेवला नव्हता, त्या घरातील आई-वडील मुलीच्या पदवीदानाला अमेरिकेला निघत आहेत. म्हणून दोन विमानतळांमधील अंतर आणि त्याला लागणारा वेळ यांचा हिशेब घरातील सर्वांनी एकदा नीट समजून घ्यावा, यासाठी हा लेखप्रपंच.

पट्टीची रेघ आणि दोऱ्याची रेघ

आजी गेल्यावर अभ्यासिकेतील एका मुलाने पट्टी घेतली आणि नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सरळ रेघ धरली. रेघ अरबी समुद्र ओलांडून अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी गेली आणि अटलांटिक महासागर पार करून न्यूयॉर्कला पोहोचली. "गुरुजी, विमान असेच जात असेल ना?" त्याने विचारले.

नाही. चूक त्या मुलाची नाही, नकाशाची आहे. पृथ्वी गोल, कागद सपाट. मोसंबीची साल न फाडता टेबलावर सपाट पसरता येत नाही, तसेच पृथ्वीचे. १५६९ साली मर्केटर या नकाशाकाराने जी पद्धत काढली, तिच्या नकाशावर होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट सरळ रेघेत दिसते. दर्यावर्दी लोकांना ती फार सोयीची होती. पण सरळ दिसणारी ही वाट सर्वांत जवळची नसते. ध्रुवांकडचे प्रदेश या नकाशात ताणले जातात आणि अंतराचा अंदाज फसतो.

खरे अंतर पाहायचे तर शाळेतील पृथ्वीगोल घ्यावा. त्यावर मुंबईला दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे न्यूयॉर्कला, आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. तो इजिप्तकडे जातच नाही. मुंबईहून तो वायव्येपेक्षाही अधिक उत्तरेकडे वळतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असे करत रशियात मॉस्कोजवळून जातो. पुढे स्वीडन, नॉर्वे, मग आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाचा लॅब्राडोर प्रांत आणि मग खाली न्यूयॉर्क. मुंबई १९ अक्षांशावर, न्यूयॉर्क सुमारे ४१ अक्षांशावर, पण मधली वाट जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत, म्हणजे उत्तरध्रुववृत्ताच्या जवळ जाऊन येते.

मुलांनी हा प्रयोग घरी किंवा शाळेत जरूर करावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर ताणलेला दोरा सुमारे साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. मर्केटरच्या नकाशावर पट्टीने धरलेली इजिप्तची वाट खुणा करून त्याच गोलावर आखली, तर ती सुमारे साडेतेहतीस सेंटिमीटर भरते. गोलावरच्या या चार सेंटिमीटरांचे प्रत्यक्षात साडेसोळाशे किलोमीटर होतात. दोऱ्याची वाट सुमारे १२,५४० किलोमीटर, पट्टीची वाट सुमारे १४,२०० किलोमीटर. केवळ नकाशावर विश्वास ठेवला तर विमानाचे जवळजवळ दोन तास वाया जातील.

या आकड्याची मोठाई कळण्यासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे जगात कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा अधिक दूर असूच शकत नाहीत. त्याच्या पुढे गेलात तर दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागता. मुंबई-न्यूयॉर्क हे अंतर या कमाल अंतराच्या पाच भागांपैकी तीन भागांहून थोडे अधिक आहे. आज जगातील सर्वांत लांब थेट प्रवासी उड्डाणांत मोडणारी सिंगापूर-न्यूयॉर्क वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची असून तिला साडेअठरा तासांच्या आसपास लागतात.

बोटीपासून थेट विमानापर्यंत

ही वाट आपल्या लोकांना अनोळखी नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब मुंबईहून निघाले आणि १९१३ च्या जुलै महिन्यात कोलंबिया विद्यापीठासाठी न्यूयॉर्कला पोहोचले, ते बोटीने. तेव्हा हा प्रवास आठवड्यांत मोजत. घरी पत्र पोहोचायलाही तितकाच काळ लागे.

विमानाचे युग आले तेही टप्प्याटप्प्याने. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेले. १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ या जेट विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले जंबो जेट आले, त्याचे नाव 'सम्राट अशोक' होते. पण वाटेत न थांबता मुंबईहून एका दमात न्यूयॉर्क गाठणारे एअर इंडियाचे विमान ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाले.

इतका उशीर का लागला? कारण इंधन. लांब पल्ल्याचे मोठे विमान तासाला सात-आठ टन इंधन जाळते. बोइंग ७७७-३००ईआर जातीच्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते. पंधरा तासांचे इंधन घ्यायचे म्हणजे त्या इंधनाचेच ओझे वाहण्यासाठी आणखी इंधन घ्यावे लागते. बाजाराला निघालेल्या माणसाने वाटेच्या खर्चासाठी इतकी शिदोरी घ्यावी की शिदोरी वाहूनच तो थकावा, तसे हे गणित. इंजिने काटकसरी झाली तेव्हाच हे गणित सुटले.

जाताना जास्त, येताना कमी

आता किलोमीटरचे तास करू. प्रवासी जेट विमान उंचावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. १२,५४० ला ९०० ने भागले की जवळजवळ चौदा तास येतात. पण मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाताना साधारण पंधरा ते सोळा तास लागतात आणि येताना चौदा-साडेचौदा तास. अंतर तेच, विमान तेच, मग फरक कुठून आला?

पुष्कळांना वाटते की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखालून ती सरकते आणि ते लवकर पोहोचायला हवे. हा गैरसमज आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असते. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडालेली माशी मागे पडत नाही, तसेच हे.

खरे कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि काही वेळा तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला हा वारा पाठीशी मिळतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला छातीवर घ्यावा लागतो. सगळ्या वाटेवर सरासरी फक्त ५० किलोमीटरचा वारा धरला, तरी जाताना वेग ८५० आणि येताना ९५० होतो. म्हणजे जाताना पावणेपंधरा तास आणि येताना सव्वातेरा. झाला की नाही दीड तासाचा फरक? शिवाय धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा आणि चढ-उताराचा वेळ दोन्हीकडे मिळवायचा.

वारा किती मदत करू शकतो याचे एक उदाहरण सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या वाटेला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

म्हणूनच वैमानिक रोज त्याच वाटेने जात नाहीत. त्या दिवसाचे वारे पाहून वाट आखली जाते. किलोमीटर थोडे वाढले तरी चालतील, पण वेळ आणि इंधन वाचले पाहिजे, हा नियम.

आकाशातही बंद रस्ते असतात

वाऱ्याहून मोठी अडचण माणसाने केलेली आहे. आकाश मोकळे दिसते, पण प्रत्येक देशाचे आकाश त्या देशाच्या परवानगीने वापरावे लागते. दोऱ्याने दाखवलेली आपली जवळची वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशियावरून जाते. म्हणजे जगातील भांडणे नेमकी आपल्या वाटेत येतात.

२०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत जवळजवळ बंद ठेवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. युक्रेनचे आकाश बंद झाले. युरोप-अमेरिकेने रशियन विमानांना आणि रशियाने त्यांच्या विमानांना बंदी केली. त्यामुळे अमेरिकन कंपन्यांना भारताची वाट लांब पडू लागली. हेलसिंकी ते टोकियो ही साडेनऊ तासांची वाट फिनलंडच्या विमानांना तेरा तासांची झाली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगन अशा ठिकाणी उतरावे लागले. जून २०२५ मध्ये इराणच्या युद्धात कतारने काही तास आकाश बंद केले आणि हजारो प्रवासी जिथल्या तिथे अडकले.

युद्धाने प्रवासाची वाट अडवावी हे नवे नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब लंडनहून परतत असताना त्यांच्या पुस्तकांचे सामान ज्या बोटीत होते ती बोट पहिल्या महायुद्धात पाणबुडीने बुडवली. तेव्हा समुद्र धोक्याचा होता, आता आकाश बंद होते. एवढाच फरक.

तेव्हा तिकिटावरचा वेळ हा दगडावरची रेघ नव्हे. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा तपासावा.

वाटेतला थांबा

थेट विमानाचे तिकीट अनेकदा महाग असते. म्हणून पुष्कळ लोक आखाती देशांमार्गे किंवा युरोपमार्गे जातात. आता गंमत पाहा. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर. बेरीज १२,९५०. म्हणजे थेट अंतरापेक्षा केवळ चारशे किलोमीटर जास्त. लंडनमार्गे तर फरक दोनशे किलोमीटरांच्या आसपासच. अंतराने पाहिले तर थांबा जवळजवळ वाटेतच आहे. विमानाला हे वाढीव किलोमीटर अर्ध्या तासाचेही नाहीत.

पण प्रवास मात्र चार, सहा, कधी दहा तासांनी लांबतो. कारण वेळ आकाशात जात नाही, जमिनीवर जातो. आणि इथेच माणसे फसतात. कशी, ते एका घरच्या गोष्टीवरून सांगतो.

अडतीस तास

आमच्या शेजारचे घर. मुलगी न्यूयॉर्कला शिकत होती. जानेवारीच्या एका मंगळवारी पहाटे साडेचार वाजता तिचे आजोबा गेले. न्यूयॉर्कला तेव्हा सोमवारची संध्याकाळ होती, सहा वाजले होते. आजोबांनीच तिला लहानपणी सायकलवर बसवून शाळेत नेले होते. ती फोनवर एवढेच म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत थांबा." वडिलांनी नातेवाइकांशी बोलून शीतपेटी मागवली आणि बुधवारी दुपारी एक वाजेपर्यंत थांबायचे ठरवले.

एका एजंटने तिला घाईत तिकीट काढून दिले. रात्री अकराचे विमान, आखातातील एका विमानतळावर उतरायचे, पावणेदोन तासांनी तिथून मुंबईचे दुसरे विमान. स्वस्त पडावे म्हणून त्याने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे जोडली होती. ही गोष्ट तिला माहीत नव्हती, घरच्यांनाही नव्हती.

न्यूयॉर्कला त्या रात्री बर्फ पडत होते. विमानाच्या पंखांवरील बर्फ काढण्यात दीड तास गेला. ती आखातात उतरली तेव्हा मुंबईच्या विमानाचे दार बंद होत होते. तिकीट एकच असते तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची असती. रात्री अडीचला दुसरे विमान होतेही. पण वेगळे तिकीट म्हणजे आधीची कंपनी म्हणते आमचे काम संपले, नंतरची म्हणते तुम्ही उशिरा आलात. नवे तिकीट घ्यायचे तर तिचे बँकेचे कार्ड परदेशात चालेना. नागपूरला, जिथे घरात प्रेत ठेवलेले, तिथे वडील फोन घेऊन तिकीट काढत बसले. तेवढ्यात अडीचचे विमान गेले. सकाळी साडेसातचे मिळाले.

मुंबईला ती बुधवारी सकाळी साडेदहाला उतरली. नागपूरचे विमान दुपारी चारला. घरी आली तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. अंत्ययात्रा एक वाजता निघून गेली होती.

पहिल्या फोनपासून उंबरठ्यापर्यंत जवळजवळ अडतीस तास. पुढे काही दिवसांनी मी तिच्या वडिलांबरोबर कागदावर हिशेब मांडला. त्यांपैकी विमान हवेत होते फक्त सतरा तास. बाकीचे एकवीस तास जमिनीवर गेले : तिकीट, रांगा, बर्फ, चुकलेले विमान, पुढच्या विमानाची वाट. अडीचचे विमान मिळते तर सकाळच्या नागपूरच्या विमानाने ती अकराच्या आत घरी असती. वडील बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोरीला अंतर नडलं नाही जी. आम्हाले माहीत नव्हतं ते नडलं."

उंबरठ्यापासून मोजा

या घरातून शिकायचे ते हेच. अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजले जाते, पण प्रवास उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत असतो. नागपूरचा एक साधा, बिनअडचणीचा हिशेब पाहा. दुपारी चारला घरातून निघालात. साडेसहाच्या विमानाने आठला मुंबई. रात्री एकला थेट न्यूयॉर्कचे विमान. साडेपंधरा तासांनी, म्हणजे आपल्या घड्याळाने दुपारी साडेचारला, तिथे उतरलात. इमिग्रेशन आणि सामानाला दोन तास, पुढे मुक्कामापर्यंत दीड तास. आपल्या घड्याळाने रात्रीचे आठ. झाले अठ्ठावीस तास. त्यांतले विमानात सतरा, जमिनीवर अकरा.

गंमत म्हणजे तिथल्या घड्याळात तेव्हा त्याच दिवशीची सकाळ असते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे करतात, म्हणून हा फरक. उन्हाळ्यात रात्री एकला मुंबई सोडलेला माणूस त्याच दिवशी सकाळी सातला तिथे उतरतो. 'सहा तासांत पोहोचला' असे वाटते, ते खरे नव्हे. येताना उलटे. दुपारी बाराला निघालेला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत उतरतो, पण प्रवास साडेचौदा तासांचाच. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे '+१' असे छापलेले असते, त्याचा अर्थ दुसरा दिवस. तो न पाहिल्यामुळे विमानतळावर एक दिवस आधी जाऊन बसलेले बाप मी पाहिले आहेत.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी पुढील गोष्टी आजच ठरवून ठेवाव्यात.

तिकीट एकाच क्रमांकावरचे, शेवटच्या मुक्कामापर्यंतचे आहे ना, हे एजंटला स्पष्ट विचारावे. दोन वेगळी तिकिटे असतील तर मध्ये निदान सहा-आठ तास असावेत, आणि मधल्या देशाचा व्हिसा लागतो का तेही पाहावे. एका तिकिटावरही वाटेतला थांबा दीड तासापेक्षा कमी घेऊ नये. अडीच-तीन तास बरे.

परदेशातून येताना इमिग्रेशन आणि कस्टम्स भारतातील पहिल्याच विमानतळावर होतात. मुंबईला उतरून नागपूरला जायचे तर साधारणपणे बॅग तिथेच ताब्यात घेऊन पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी तीन तास तरी हाताशी ठेवावेत.

मुलाचे पासपोर्ट आणि व्हिसा कधी संपतात याच्या तारखा घरातही लिहून ठेवाव्यात. अमेरिकेत शिकणाऱ्याच्या कागदावर विद्यापीठाची प्रवासासाठीची सही लागते आणि ती साधारणपणे वर्षाच्या आतली असावी लागते. नाहीतर मूल घरी येते, पण परत जाताना अडकते. दुःखाच्या घाईत हे आठवत नाही. परदेशात चालणारे एक बँकेचे कार्ड आणि तातडीच्या तिकिटापुरते पैसे बाजूला असावेत.

आणि सर्वांत अवघड गोष्ट. घरात कुणी आजारी असेल तर कुणाच्या वेळी किती थांबायचे, हे आधी मोकळेपणाने बोलावे. बोलणे अशुभ नाही. मुलालाही सांगावे की नाही पोहोचलास तर दोष तुझा नाही. अडतीस तासांच्या त्या प्रवासानंतर आमच्या शेजारच्या मुलीला या एका वाक्याची सर्वांत जास्त गरज होती.

आई-वडील निघताना

पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी चार शब्द. चालायला त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी. त्यात कमीपणा नाही, आणि सोबतचा कर्मचारी रांगांतून बरोबर नेतो. भाषा येत नसेल तर हा मोठा आधार आहे. मधुमेहाचे किंवा शाकाहारी जेवण निदान दोन दिवस आधी कळवावे. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत, मोठ्या बॅगेत नव्हे. इन्सुलिन तर मुळीच मोठ्या बॅगेत टाकू नये, तिथे ते गोठू शकते. घड्याळ बदलल्यावर गोळी केव्हा घ्यायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणावे.

पंधरा तास एका जागी बसल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो. म्हणून दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्याबसल्या टाचा-पंजे हलवावेत, पाणी पीत राहावे. पूर्वी कधी पायात गाठ झाली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. पोहोचल्यावर रात्री डोळे टक्क उघडे आणि दुपारी झोप, असे काही दिवस होते. घाबरू नये. दिवसा उन्हात फिरावे, तिथल्या वेळेला जेवावे, आठवड्याभरात शरीर जुळते. मुलाचा पत्ता आणि फोन क्रमांक इंग्रजीत लिहिलेला कागद मात्र खिशात असावाच. मोबाईल बंद पडतो, कागद बंद पडत नाही.

आजींचे उत्तर

नात निघण्याच्या आठवड्यात आजी पुन्हा अभ्यासिकेत आल्या. या वेळी मी त्यांना किलोमीटर सांगितले नाहीत. पृथ्वीगोल पुढे ठेवला, दोरा ताणून दाखवला आणि म्हणालो, "आजी, आपल्या दारातून तिच्या दारापर्यंत अठ्ठावीस तास. काही अडलं तर दीड-पावणेदोन दिवस."

आजींनी दोऱ्यावरून बोट फिरवले. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माह्या लग्नाच्या साली मले माहेरी जायले बंडीनं दीड दिवस लागे जी. नदीले पूर असला तं दोन दिवस." आणि काठी उचलता उचलता पुढे म्हणाल्या, "मंग जाऊ द्या पोरीले. तेवढं तं मी बी दूर होती."

नात गेली. घरच्यांनी तिचे तिकीट एकाच क्रमांकाचे काढले, वाटेतला थांबा तीन तासांचा घेतला आणि पासपोर्ट-व्हिसाच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहिल्या. ती दिनदर्शिका आजींच्या खाटेसमोरच टांगलेली आहे.